छाननी म्हणजे संशय का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच शब्द पाच-सहा वाटांनी आला, छाननी. कुणाला परीक्षेसाठी अर्थ हवाय, कुणाची लेक समितीच्या दारात अडकलीय, कुणाला टीव्हीचा संताप आलाय. मी आधी वकिली केली आणि नंतर बातमीदारीत आले, त्यामुळे या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. उत्तरं काही ठिकाणी लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न: मी एमपीएससी करतोय. पेपरात 'अर्जांची छाननी', 'न्यायालयीन छाननी', 'माध्यमांची छाननी' असं रोज वाचतो. सगळीकडे अर्थ एकच का? आणि तपास, चौकशी, पडताळणी यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?
एक विद्यार्थी, लातूर

शब्दापासूनच सुरुवात करू. छाणणे म्हणजे गाळणं, वस्त्रगाळ करणं. आमची आजी सुंठ कुटली की जुन्या धोतराच्या फडक्यातून छाणून घ्यायची, खाली पडेल ते बारीक औषधाला आणि वर राहील ते परत खलात, फेकायचं काहीच नाही. हाच शब्द पुढे कचेरीत गेला.

आता बाकीचे शब्द. तपास पोलिसांचा, गुन्ह्याची खबर आल्यावर सुरू होणारा. चौकशी म्हणजे काय घडलं ते शोधणं. पडताळणी म्हणजे एक कागद दुसऱ्या कागदाशी लावून बघणं, गणिताचा ताळा बघतो ना तसं. छाननीत समोर एक गोष्ट आधीच ठेवलेली असते, अर्ज असेल, सरकारचा निर्णय असेल, बिल असेल, बातमी असेल, आणि ती ठरलेल्या कसोटीला टिकते का ते बघून टिकली तर का आणि नाही टिकली तर का हे सांगायचं असतं. हे 'का' सांगणं मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते नसेल तर उरते ती फक्त कुणाची तरी मर्जी.

वकिली करत असताना मी एकदा एका अपक्ष उमेदवारासोबत विधानसभेच्या अर्जांच्या छाननीला बसले होते. तिथे सगळ्यांना जाता येत नाही, उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, आणि लेखी अधिकार दिलेला आणखी एक माणूस, बस. अपक्षाला दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. आमच्या दहातल्या एका बाईंचा मतदार यादीतला अनुक्रमांक चुकला होता, ४१२ च्या जागी ४२१ पडलेला. समोरचे वकील ताडकन उठले, म्हणाले अर्ज बाद करा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी काही न बोलता यादी मागवली, पानावर बोट ठेवून वरून खाली नेलं, बाईंचं नाव, वय, घर क्रमांक जुळवला आणि सांगितलं की ही लिहिण्यातली चूक आहे, अर्ज वैध. दोन मिनिटांचं काम, पण आमच्या उमेदवाराचा अख्खा हक्क त्या दोन मिनिटांत टांगलेला होता.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ३६ नीट वाचा, परीक्षेलाही येतं. मोठी, गाभ्याला धक्का लावणारी उणीव नसेल तर अर्ज बाद करता येत नाही, आणि बाद केलाच तर अधिकाऱ्याला कारण लिहून द्यावं लागतं. म्हणजे छाननी करणाऱ्यालाही आपल्या सहीचा हिशोब द्यायचाच आहे.

आता ही छाननी असते वरवरची, एका दिवसात उरकायची. शपथपत्रातला रकाना कोरा सोडता येणार नाही, आठवण करूनही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं, पण भरलेलं खरं आहे का हे तो अधिकारी त्या टेबलावर बसून कसं ठरवणार? ते पुढे निवडणूक याचिकेत ठरतं. अंबरनाथ मतदारसंघाचं २००४ चं प्रकरण बघा. निवडून आलेल्या उमेदवाराने पत्नीच्या नावावरचा बंगला आणि गाडी, विजेची थकबाकी अशा गोष्टी शपथपत्रात दाखवल्या नव्हत्या म्हणून हायकोर्टाने २००७ मध्ये निवड रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं २०१४ मध्ये. तोवर त्या विधानसभेची मुदत कधीच संपून गेली होती. निकाल बरोबर असूनही मला तो वाचताना वाईट वाटतं, मतदाराला ज्या दिवशी माहिती हवी होती त्या दिवशी ती मिळाली नाही ते नाहीच.

प्रश्न: आम्ही ओबीसी. मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय पण जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी अडकली. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल दिली, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीच्या कोतवाल बुकाची दिली, तरी छाननी समितीतला बाबू म्हणतो अजून आणा. मुलगी म्हणते बाबा हे आपल्याला चोर समजतात का. शेजारी म्हणतात कर नाही त्याला डर कशाला. कुणाचं बरोबर?
एक पालक, विदर्भ

तुमच्या लेकीचं दुखणं खरं आहे, आधी ते तिला सांगा. शेजाऱ्यांची म्हण मला इथे अजिबात लागू वाटत नाही. ती म्हण सही करणाऱ्यांसाठी आहे, मंत्र्याला विचारा, अधिकाऱ्याला विचारा. अठरा वर्षांच्या पोरीला पणजोबांच्या शाळेचा कागद शोधायला लावून वर डर कशाला म्हणायचं हे बरोबर नाही.

तरी ही पडताळणी का आली ते समजून घ्या, कारण ती तुमच्यासारख्यांच्याच हक्कासाठी आली. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लाटल्या जायच्या. महाराष्ट्रातल्याच एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने छाननी समिती कशी असावी, तिच्यासोबत जागेवर जाऊन चौकशी करणारं दक्षता पथक कसं असावं हे सगळं घालून दिलं. त्यावरून पुढे आपल्या राज्याचा कायदा झाला, २००१ पासून लागू आहे. जात सिद्ध करायचा भार दाखला मागणाऱ्यावर आहे हे त्यात स्पष्टच लिहिलंय. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश सहानुभूती म्हणून राखता येणार नाही. म्हणजे एक खोटा दाखला पकडला गेला की एका खऱ्या मुलीची जागा वाचते, तुमच्या लेकीसारख्याच कुणाची तरी.

पण त्याच १९९४ च्या निकालात दुसरी बाजूही आहे आणि ती कचेरीत कुणी सांगत नाही. समितीने चौकशी शक्यतो रोजच्या रोज चालवून दोन महिन्यांच्या आत संपवावी असं कोर्टाने म्हटलंय. दक्षता पथकाचा अहवाल विरोधात गेला तर तो तुम्हाला द्यायचा, उत्तराला वेळ द्यायचा, बोलावून म्हणणं ऐकायचं. आणि मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच अनुसूचित जमातींच्या प्रकरणांत सांगितलं की प्रत्येक अर्ज दक्षता पथकाकडे पाठवायलाच पाहिजे असं नाही, समितीचं दिलेल्या कागदांवर समाधान होत नसेल तरच पाठवायचा आणि समाधान का होत नाही ते थोडक्यात नोंदवायचं.

म्हणून आता 'अजून आणा' हे तोंडी ऐकून परत येऊ नका. एक साधा अर्ज द्या, त्यात दिलेल्या कागदांची यादी, तारखा, आणि शेवटी एकच विनंती, नेमकी कोणती त्रुटी आहे ती लेखी कळवावी. आवक शिक्का मारून आपली प्रत घ्या. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा धरतात, तुमच्या आजोबांची नोंद त्याआधीचीच असणार, तर त्या नोंदीचं वर्ष अर्जात ठळक लिहा. तुमच्या सख्ख्या भावाला, चुलत्याला, आत्याला कुणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती पहिली जोडा, वंशावळीच्या शपथपत्रासकट. हायकोर्टाचा २०१० चा निकाल आहे, रक्ताच्या नातेवाइकाला आधी नीट तपासून वैधता मिळालेली असेल आणि त्यात फसवणूक झालेली नसेल तर दुसऱ्याला नाकारायला ठोस कारण लागतं. तरीही नकार आलाच तर रिट याचिका हायकोर्टात. प्रवेशाची तारीख जवळ असेल तर वकिलाला आजच भेटा, निकालाची वाट बघत बसू नका.

प्रश्न: सरकार लोकांनी निवडून दिलेलं. त्याने केलेला कायदा न निवडलेल्या जजनी का तपासायचा?
एक वाचक, गोरेगाव

कारण बहुमत मिळालं म्हणजे सगळ्यांना समान वागवलं असं आपोआप होत नाही. डान्सबारचं उदाहरण घ्या, तुमच्याच शहरातलं. २००५ मध्ये राज्याने मुंबई पोलिस कायद्यात दुरुस्ती करून बारमधल्या नाचावर बंदी घातली, आणि त्याच दुरुस्तीत तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लब-जिमखान्यांना सूट दिली. हायकोर्टाने २००६ ला ते रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ ला हायकोर्टाचं म्हणणं कायम ठेवलं. कोर्टाने नाच चांगला की वाईट हे ठरवलंच नाही, त्यांनी विचारलं की तोच नाच साध्या बारमध्ये अश्लील आणि मोठ्या हॉटेलात चालतो तो कसा, आणि बायकांचं शोषण थांबवायचं म्हणता तर ते थांबवणारे आधीचे कायदे होतेच की, ते का नाही वापरले, आणि बंदीमुळे ज्या बायकांची कमाई गेली त्यांचं काय. सरकारला या प्रश्नांची पटणारी उत्तरं देता आली नाहीत. कायदा विधानसभेत सगळ्यांच्या संमतीने झाला होता. सगळे एकत्र हो म्हणतात तेव्हा विचारणारं कुणीतरी बाहेरचं लागतंच, असं माझं मत आहे.

प्रश्न: अधिवेशनात नुसता गोंधळ, सभात्याग, पायऱ्यांवर घोषणा. यालाच राजकारणातली छाननी म्हणायचं का?
गृहिणी, कोल्हापूर

नाही ताई, पायऱ्यांवरचं ते कॅमेऱ्यासाठी. खरी छाननी आतल्या रुक्ष कामात असते, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आमदारांच्या लोकलेखा समितीत बसून कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालातला एकेक परिच्छेद सचिवांना विचारणं. ते टीव्हीवर दिसत नाही म्हणून कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. कॅगचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर येतो, चर्चा होणार कधी? मला याचा मनापासून राग येतो, आपलेच पैसे आहेत ते.

पण एक खासदार नीट तयारी करून उभा राहिला तर काय होतं ते १९५७ ला दिसलं होतं. एलआयसी नुकतीच उभी राहिलेली, मुख्यालय मुंबईत, लाखो लोकांचे हप्ते तिच्याकडे. तिने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास शेअर घेतले, स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत हे उकरून काढलं फिरोज गांधींनी, ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. पक्ष आपला, सासरे पंतप्रधान, तरी विचारलं. मग मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एक सदस्यीय आयोग बसला. छागलांनी कामकाज खुलं ठेवलं, गर्दी इतकी झाली की बाहेरच्या लोकांसाठी लाउडस्पीकर लावावे लागले, आणि जानेवारीत नेमलेल्या आयोगाचा अहवाल फेब्रुवारीत हातात! अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. शेअर मी घेतले नाहीत, सचिवाने घेतले, असं म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही हे छागलांनी ठामपणे मांडलं. आज आयोग मुदतवाढीवर मुदतवाढ घेतात तेव्हा मला ते महिनाभरात उरकलेलं काम आठवतं.

तुमच्या आमदारांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न टाकले ते विचारा, विधिमंडळाच्या साइटवरही बघायला मिळतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. पूर्वी पेपरात आलं म्हणजे खरं असं आम्ही मुलांना सांगायचो. आता चॅनलवाले रात्री नऊला खटला चालवतात आणि दहाला फाशी देतात. पत्रकाराने छाननी करायची म्हणजे नक्की किती करायची?
ठाणे

सर, तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ दिला. कारण कायदा, राजकारण आणि पत्रकारिता तिन्ही एकाच गोष्टीत दिसतील असं आपल्याकडचं एक प्रकरण आहे, तुम्हालाही आठवत असेल, सिमेंटचं.

तो काळ टंचाईचा. सिमेंट नियंत्रणात, घराला प्लास्टर करायचं म्हटलं तरी परमिट. मुख्यमंत्री होते अ. र. अंतुले, धडाडीचे, कामाचा झपाटा असलेले. त्यांनी काही ट्रस्ट काढले, त्यातला एक इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. ३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींची बातमी आली की या ट्रस्टना देणग्या आणि बिल्डरांना सिमेंटचा कोटा यांचा संबंध आहे. बातमीची ताकद विशेषणांत नव्हती, याद्यांत होती, कुणी किती देणगी दिली, कुणाला किती सिमेंट मिळालं, हे शेजारी शेजारी ठेवलं की वाचणाऱ्याला आपोआप दिसत होतं. संसद गाजली. इथे पी. बी. सामंत, मृणाल गोरे वगैरे विरोधी पक्षातली मंडळी हायकोर्टात गेली. न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला, सिमेंट आणि देणग्या यांची सांगड होती असा, आणि अंतुले पायउतार झाले.

इथपर्यंत सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यावर फौजदारी तक्रारही झाली होती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट हायकोर्टात चालवायला सांगितलं, लवकर निकाल लागावा म्हणून. अंतुले भांडत राहिले की कायद्यात माझा खटला विशेष न्यायाधीशापुढे चालायचा लिहिलंय आणि तुम्ही माझा अपिलाचा एक टप्पा काढून घेतलात. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मान्य केलं की आपल्याच कोर्टाचा आदेश चुकला होता, कोर्टाच्या चुकीचा फटका माणसाला बसता कामा नये, आणि तो मागे घेतला. बघा ना, पत्रकाराने मुख्यमंत्र्याला तपासलं, हायकोर्टाने पत्रकाराच्या बातमीमागचे कागद तपासले, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने स्वतःला तपासलं. अंतुले पुढे २००६ मध्ये केंद्रात मंत्रीही झाले. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही कायद्याचं प्रत्येक कलम पूर्ण मिळालं पाहिजे, तो आपल्याला आवडत नसला तरी.

आता तुमचे रात्री नऊचे खटले. तिथे कागद नसतो, पॅनल असतं. साप साप म्हणून भुई धोपटणं. २०२० मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूवरून जे चाललं त्यावर मुंबई हायकोर्टाने १८ जानेवारी २०२१ ला निकाल दिला, की मीडिया ट्रायलमुळे तपासात आणि न्यायदानात अडथळा येतो, आणि आत्महत्येच्या बातम्यांत काय टाळावं, साक्षीदारांच्या मुलाखती, तपासातले तपशील, कुणाला आधीच दोषी ठरवणं, याची यादीच दिली. शोक करणाऱ्या घरात कॅमेरा घुसवून कोणत्या सत्तेची छाननी होते? तिथे सही कुणाचीच नसते, नुसतं दुःख असतं.

किती करायची म्हणता, तर मी शिकले ते सांगते. माझ्या पहिल्या डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होते, लाल पेन घेऊन कॉपीतल्या प्रत्येक आकड्याला, प्रत्येक नावाला, हुद्द्याला गोल करायचे आणि प्रत्येक गोलापाशी थांबून विचारायचे, हे कुठून आलं. मी एका नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरच्या बिलाची बातमी नेली होती, एका टँकरच्या दिवसाला इतक्या फेऱ्या शक्यच नाहीत अशी. त्यांनी विचारलं, तिकडे फोन लावला का? लावला नव्हता. लावला तर पाणीपुरवठ्याचे अधिकारी म्हणाले बिल तीन टँकरचं एकत्र आहे, या आणि लॉगबुक बघा. गेले, बघितलं, खरंच तीन टँकर. माझी बातमी तिथेच पडली. पण पानं उलटताना दिसलं की दोन टँकरच्या प्रत्येक फेरीपुढे ड्रायव्हरची सही आणि पाणी घेतलेल्या वस्तीतल्या कुणाची तरी सही आहे, तिसऱ्याची सलग एकोणीस दिवसांची पानं सहीविना, सगळी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. छापून आली ती ही बातमी, अधिकाऱ्यांच्या खुलाशासकट. तो एक फोन लावला नसता तर मी चूक छापली असती आणि खरं तसंच राहिलं असतं.

प्रश्न: मी गावात एक छोटं साप्ताहिक चालवतो. वस्तीवरचा सिमेंट रस्ता कागदावर १८० मीटर झालाय, मी टेपने मोजला तर १४२ भरला. सरपंच म्हणतात तुला पुढच्या वेळी उभं राहायचंय म्हणून हे उद्योग, छापलंस तर केस टाकतो. घाबरून गप्प बसू का?
बीड जिल्हा

गप्प बसू नका आणि लगेच छापूही नका. १४२ हा तुमचा आकडा आहे, १८० त्यांचा, आता दोन्हींच्या मधलं काय ते काढायचं. कदाचित मागच्या बोळातला तुकडा त्यात धरला असेल, तो तुम्ही मोजलाच नसेल.

माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि मोघम 'रस्त्याची सर्व माहिती' असं मागू नका. चार कागद नावाने मागा, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची म्हणजे एमबीची संबंधित पानं, आणि पूर्णत्वाचा दाखला. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. राज्य सरकारने २०१८ मध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक कार्यालयांत कागद बघू द्यायचा निर्णय काढलाय, त्याचाही उपयोग करा, आधी डोळ्यांनी बघितलं की काय मागायचं ते कळतं. एमबीत लांबी, रुंदी, जाडी वेगवेगळी लिहिलेली असते आणि खाली शाखा अभियंत्याची सही, तारीख. रस्ता कुठून कुठपर्यंत हेही तिथे असतं. तेच आधी बघा.

केसची धमकी म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलंय की सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामकाजाविषयी लिहिलं तर नुसतं एखादं विधान चुकलं म्हणून तो नुकसानभरपाई वसूल करू शकत नाही, लिहिणाऱ्याने खऱ्या-खोट्याची पर्वाच केली नाही हे त्याला दाखवावं लागतं, आणि तुम्ही वाजवी शहानिशा केल्याचं सिद्ध केलंत तर तेवढं पुरतं. फौजदारी बदनामीची तक्रार मात्र तरीही होऊ शकते, म्हणून कागद जपून ठेवा, तारखेसह. लेखात सरपंचांच्या घराबद्दल, गाडीबद्दल, सोयऱ्यांबद्दल एक ओळ नको, फक्त रस्ता. आणि तुम्हाला खरंच निवडणुकीला उभं राहायचं असेल तर ते लेखातच सांगून टाका, लपवलंत तर सगळी चर्चा त्यावरच जाईल आणि ३८ मीटर बाजूला राहतील.

छापायच्या आधी सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना) प्रश्न लेखी द्या, आठ दिवस द्या, उत्तर येईल ते जसंच्या तसं छापा. शाखा अभियंत्यांना पत्र देऊन एकत्र मोजणीची तारीख मागा. जाताना एकटे जाऊ नका, वस्तीतली दोन माणसं बरोबर घ्या, सकाळची वेळ बघा, टेपचं एक टोक दुसऱ्याच्या हातात द्या. जी लांबी भरेल ती तिथल्या तिथे कागदावर लिहा, आलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, सरपंच आले तर त्यांचीही घ्या. १८० भरली तरी.